कुंकू लावलेले डॉलर

कंबोडियाला जाऊन आल्यापासून मला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, तिथे साप खातात का. दुसरा, तिथे कुठला पैसा चालतो. पहिल्याचं उत्तर ‘खातात, मी खाल्ला नाही’ एवढ्यात संपतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला हे सगळं लिहावं लागतंय.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. कंबोडिया, राजधानी नॉम पेन्ह, मुख्य पीक तांदूळ, हे मी फळ्यावर नकाशा काढून इतक्या वर्गांना सांगितलं की शेवटी शेवटी मला स्वतःलाच त्या तांदळाचा कंटाळा आला होता. पासपोर्ट मात्र निवृत्त झाल्यावर काढला. आमच्या ह्यांना विमानात बसवायचं तर आधी भूल द्यावी लागली असती. त्यामुळे सोबत कोण, असा प्रश्न पडला आणि तो माझ्या विहीणबाईंनी सोडवला.

हिराबाई, म्हणजे माझी सून सायली हिची आई. राहणार वांगणी. जुनं शेतकरी घर. शेताचा एक तुकडा विकला तेव्हा त्यांनी नवऱ्याला गाडी घेऊ दिली नाही, स्टेशनजवळ भाड्याच्या खोल्या बांधून घेतल्या. भाडं रोख आणि त्यांच्याच हातात. हिशेब सगळा तोंडी, आणि त्यात आजवर एकाही भाडेकरूला चूक सापडलेली नाही.

“अंबरनाथच्या शिवमंदिरापेक्षा मोठं देऊल हाय म्हनतात तिकडं?” त्यांनी विचारलं.

“बरंच मोठं.”

“मंग मी येतंय.”

आता त्यांची एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. आजकाल कोणी पाळत नाही, पण हिराबाई पाळतात. सायलीला अजून मूल नाही. त्यामुळे हिराबाई बदलापुरात बेलवलीला आमच्या घरी येतात त्या पाण्याची बाटली आणि डबा घेऊन. माझ्या पोह्यांकडे मायेने बघतात, “वास झ्याक येतंय” म्हणतात आणि स्वतःच्या डब्यातली तांदळाची भाकरी खातात. सुरुवातीला मला हा माझ्या हाताचा अपमान वाटायचा. नंतर सवय झाली, पण राग पूर्ण गेला नव्हता. सायली बिचारी प्रत्येक वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईच्या बाटलीकडे बघायची, आणि त्यात मूल नसल्याचा विषय न काढताही निघायचा. विमानाच्या तिकिटाचे आणि हॉटेलचे निम्मे पैसे हिराबाईंनी आमच्या दारात उभं राहून रोख दिले आणि मगच चपला काढल्या.

बेलवली आणि उल्हासनगर

कुठला पैसा न्यायचा यावर आमच्या हॉलमध्ये परिषद भरली. ह्यांचं मत, रुपये न्या, आपला रुपया आता सगळीकडे चालतो. हे सांगणारा गृहस्थ लग्नानंतर कोल्हापूरच्या पलीकडे गेलेला नाही. शेजारचे पाटीलकाका म्हणाले, युरो न्या, तो महाग असतो, म्हणजे नोटा कमी होतात आणि ओझं वाचतं. माझा मुलगा निखिल म्हणाला, “आई, कार्ड. फक्त कार्ड. कॅश कोण वापरतं?” सायली म्हणाली, फोन दाखवला की झालं. मी शिक्षकी बाण्याने सांगितलं की ज्या देशात जायचं त्या देशाचं चलन न्यावं, आणि कंबोडियाचं चलन रिएल आहे. सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं आणि कोणीही माझं ऐकलं नाही.

“बाजारवाली जो घेते त्यो पैसा न्यायचा,” हिराबाई बाटलीतलं पाणी पिऊन म्हणाल्या. “बाकी समदी बडबड.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी उल्हासनगरला गेलो. उल्हासनगरच्या बाजारात मिळत नाही अशी वस्तू अजून मला ठाऊक नाही. जीन्सच्या ढिगाऱ्यांच्या आणि पापडवाल्याच्या मधोमध परकीय चलनाचं दुकान होतं, भिंतीवर परवाना, त्याच्या शेजारी झुलेलालची तसबीर. मालक सिंधी, पांढरी सफारी घातलेले, सगळे त्यांना दादा म्हणत होते. मी रिएल मागितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“साईं, रिएल? अहो ताई, ते तर त्यांच्याच देशात लोक सुट्टे म्हणून वापरतात. डॉलर घ्या. उधर डॉलरच चालतो, भाजीवालीसुद्धा डॉलर घेते. पण एक बात सुनो.” त्यांनी एक नोट दोन बोटांत धरून पंख्याखाली नाचवली. “एकदम कोरी नोट पाहिजे. घडी नाही, पिन नाही, पेनने काही लिहायचं नाही, शिक्का नाही. उधर नोट को ऐसा देखते है जैसे मुलगी बघायला आलेत. जरासा दाग, तो रिश्ता कॅन्सल.”

उपमा मला आवडली नाही, पण हिराबाईंनी ती मनावर घेतली. त्यांनी वीस-वीस डॉलरच्या नोटा घेतल्या, दादांना रबर लावू दिलं नाही आणि पर्समध्येही ठेवल्या नाहीत. घरून आणलेल्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, जुन्या कॅलेंडरच्या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये त्यांनी त्या अशा सरळ झोपवल्या की तान्ह्या बाळालाही एवढी काळजी मिळत नसेल. मी निखिलचं ऐकून थोडेसेच डॉलर घेतले आणि बाकी भिस्त कार्डावर ठेवली.

सिएम रीप, पहिला दिवस

सिएम रीप हे अंगकोरच्या देवळांचं गाव. विमानतळ गावापासून इतका लांब की टॅक्सीत बसल्या बसल्या मला वाटलं, आपण परत बदलापूरला चाललोय. दोन्ही बाजूंना भातखाचरं, ताडाची झाडं आणि मधूनच उंच खांबांवरची लाकडी घरं. हिराबाई खिडकीला नाक लावून शेती तपासत होत्या. “रोप दाट लावलंय,” एवढाच शेरा त्यांनी कंबोडियाच्या मुख्य पिकावर दिला.

हॉटेलात अनामत रक्कम कार्डाने भरायची होती. यंत्राने मला विचारलं, डॉलरमध्ये देणार की रुपयांत? परक्या मुलखात रुपयाचं चिन्ह बघून मला इतकं भरून आलं की मी पटकन रुपये दाबले. बँकेचा निरोप निखिलच्या फोनवर जातो, त्यामुळे मिनिटभरात त्याचा मेसेज, “आई, रुपये का दाबलेस? मशीनवाला स्वतःचा दर लावतो, जास्त कापतो. नेहमी तिथलं चलन निवडायचं!” देशप्रेमाला एवढा भुर्दंड मी याआधी कधी भरला नव्हता.

रात्री हिराबाईंनी पिशवीतून भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि डिंकाचे लाडू काढले. खोलीभर सुकटीचा वास सुटला. मी खाली जाऊन भात आणि भाजी खाऊन आले. “उद्यापासून आपन बाजारात जेवू,” त्या लाडू मोडत म्हणाल्या. “माझं पैसं मी देनार, तुमचं तुमी.” मलाही ते पसंत होतं. प्रवासात का होईना, आम्ही एका टेबलावर बसून एकच जेवण जेवणार होतो.

दुसरा दिवस

सकाळी उठलो तर लाडवांना मुंग्या. कंबोडियाच्या मुंग्या लाल आणि भलत्या कामसू आहेत. त्यांनी डब्याचं झाकण न उघडता आतलं सगळं ताब्यात घेतलं होतं. उरलेल्या दोन भाकऱ्यांना दमट हवेने बुरशी आली होती. हिराबाईंनी सगळं शांतपणे कचऱ्यात टाकलं, चहा घेतला नाही, कारण चहा हॉटेलचा आणि त्याचं बिल माझ्या कार्डावर.

आमचा टुकटुकवाला सोफाल. टुकटुक म्हणजे मोटरसायकलला जोडलेली रिक्षा. सोफालचं वय पन्नाशीचं, तीन मुलींचा बाप, इंग्रजी माझ्याइतकंच कामचलाऊ, त्यामुळे आमचं छान जमलं. त्याचं भाडं हॉटेलच्या आधीच भरलेल्या पैशांत धरलेलं होतं. त्याने आम्हाला जुन्या बाजारात नेलं. तिथे केळीच्या पानाच्या द्रोणात नारळाच्या दुधातला मासा मिळतो, त्याला आमोक म्हणतात. आपण चहात घालतो ती गवती पात हे लोक माशात वाटून घालतात. वास असा की माझ्यासारख्या शाकाहारी बाईचं मन डळमळलं. हिराबाईंचे तर डोळेच मिटले.

“आधी पैसं देतंय,” त्या म्हणाल्या. फाइल उघडली, पुठ्ठे बाजूला केले आणि वीसची नोट दोन्ही हातांनी दुकानदारणीपुढे धरली.

नोटेवरच्या गोऱ्या साहेबाच्या कपाळावर मध्यभागी ठसठशीत कुंकू होतं. शेजारी हळदीचं बोट. साहेब थेट आमच्या गल्लीतल्या सत्यनारायणाला आल्यासारखा दिसत होता.

दुकानदारणीने नोट उजेडात धरली, अंगठ्याने घासली, कुंकू आणखी पसरलं. तिने शेजारणीला दाखवली. शेजारणीने तिच्या शेजारणीला. तिघींनी मिळून ती अत्यंत नम्रपणे परत दिली आणि मान हलवली. हिराबाईंनी दुसरी नोट काढली. तिसरी काढली. फाइलमधला प्रत्येक साहेब कुंकू लावून बसला होता.

“हे कधी केलंत?” मी विचारलं.

“निघायचे दिशी. लक्ष्मी परदेशी चाललेली, तिला काय तशीच पाठवू?”

“दादांनी सांगितलं होतं ना, नोटेवर काही लिहायचं नाही!”

“मी कुठं लिवलं? मी कुकू लावलं.”

दादांनी घडी, पिन, पेन, शिक्का सगळं सांगितलं होतं, कुंकवाचं काही बोलले नव्हते. दिवाळीत तिजोरीला, नव्या गाडीच्या बॉनेटला, गिरणीच्या पट्ट्यालासुद्धा कुंकू लावणाऱ्या आपल्या लोकांत याला डाग म्हणतात हे सुचणार तरी कोणाला?

सोफालने समजावलं. इथे डॉलरवर एवढासा डाग असला तरी बँक घेत नाही, म्हणून दुकानदार घेत नाहीत. शिवाय लाल रंग बघून ती बाई रक्त समजली होती. बाजारात एक पैसे बदलणारा आहे, तो डागाळलेल्या नोटा घेतो, पण वीसचे पंधराच देतो. मी म्हटलं, ठीक आहे, पाच डॉलर गेले तर गेले. हिराबाई भडकल्या.

“कुकू लावलं म्हनून नोटेची किंमत कमी? वाढायला पायजे! मी नाय देत.”

“मग मी देते जेवणाचे. घरी गेल्यावर बघू.”

“पोरीचे घरचा पानी घेत नाय मी, विहीनबाय, तं जेवन कसं घेऊ?”

“बरं, मग या नोटा मला द्या, माझ्या कोऱ्या नोटा तुम्ही घ्या. अदलाबदल. कोणी कोणाला काही दिलं नाही.”

त्यांनी जरा विचार केला. “हिथं जिला कोनी हात लावत नाय ती नोट तुमाला देऊ, नि तुमची चांगली घेऊ? ते घेतल्यासारखंच झालं. नको.” आणि त्यांनी फाइल बंद केली. बाई अशी वकिली करते हे ठाऊक असतं तर मी मुलाच्या लग्नात मानपानाबद्दल तोंडच उघडलं नसतं.

त्या दिवशी आम्ही दोन देवळं पाहिली. कोणती ते मला विचारू नका. माझं सगळं लक्ष हिराबाईंच्या चेहऱ्याकडे होतं. त्यांना साखरेचा आजार, गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात. जेवण नाही म्हणून गोळी नाही. दुपारनंतर त्या एका पायरीवर बसल्या त्या उठेचनात. मी मनातल्या मनात सायलीला काय सांगायचं याची वाक्यं जुळवू लागले आणि एकही जुळेना. तुझी आई कंबोडियात भुकेने पडली कारण तिच्या नोटेला कुंकू होतं? कारण तिला तुझ्या सासूचा भात चालला नाही?

हॉटेलवर परतल्यावर मी खोटेपणाही करून पाहिला. रात्रीचं जेवण हॉटेलतर्फे फुकट आहे, असं सांगितलं. हिराबाई स्वतः खाली गेल्या, काउंटरवरच्या मुलीला ताट-वाटीची खूण करून “फिरी?” असं विचारलं. ती मुलगी इतकी प्रामाणिक निघाली की तिने दरपत्रकच हातात दिलं. वर येऊन हिराबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मीही त्यांच्यासमोर काही खाल्लं नाही. नंतर मात्र बाथरूमचा नळ सोडून दोन केळी खाल्ली आणि सालं टॉवेलात गुंडाळून लपवली. निवृत्त शिक्षिकेची ही अवस्था.

तिसरा दिवस

पहाटे अंगकोर वाटला गेलो. पास निखिलने आधीच काढून ठेवले होते, हिराबाईंनी त्यांच्या पासाचे रुपये त्याला कधीच देऊन टाकले होते. सूर्योदय बघायला जगातली निम्मी माणसं तळ्याकाठी फोन उंच करून उभी होती. माझं माहेर अंबरनाथ पूर्वेला. लहानपणी आम्ही शिवमंदिराच्या भिंतीवरच्या मूर्ती मोजत बसायचो. आमच्या देवळाशेजारून वालधुनी नदी वाहते, आणि तिच्या वासामुळे नमस्कार जरा लवकर आटोपतो. इथे देवळाभोवती रुंद खंदक, आणि त्यात कमळं फुललेली. बाकी दगड तसाच, काळपट, हात फिरवला की गार. मला एकदम घरी आल्यासारखं झालं आणि त्याच वेळी अंबरनाथची लाजही वाटली.

“मोठं हाय,” हिराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा पडला होता. त्या माझ्या खांद्याचा आधार घेऊन चालत होत्या, आणि याआधी त्यांनी माझा हातही कधी धरला नव्हता.

पश्चिमेच्या दारात आठ हातांच्या विष्णूची उंच मूर्ती आहे. अंगावर भगवं वस्त्र, पुढे उदबत्त्या, फळं आणि एका तबकात पैसे. आता तिथले लोक बौद्ध आहेत, पण या विष्णूलाही सोडत नाहीत. शेजारी चटईवर पांढऱ्या कपड्यातली, डोकं तासलेली म्हातारी बसली होती, देवळाची सेवा करणारी.

हिराबाईंनी मूर्तीकडे खालून वर पाहिलं. फाइल उघडली. “मानसांना नाय चालत, त्याला चालंल,” असं म्हणून त्यांनी कुंकवाची एक नोट तबकात ठेवली.

मला बरं वाटलं. मग त्यांनी वाकून तबकातले रिएल गोळा करायला सुरुवात केली.

तुम्हाला हे कळेल. आपल्याकडे आरतीच्या ताटात शंभराची नोट टाकून नव्वद परत उचलणारी माणसं काय थोडी आहेत? देवाचे दहा, आपले नव्वद, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण अंगकोर वाटच्या पहारेकऱ्याला जे दिसलं ते असं, की नऊवारी नेसलेली एक परदेशी बाई देवाच्या तबकातले पैसे मुठीने भरते आहे. त्याने शिट्टी फुंकली. सूर्योदयवाले सगळे फोन आमच्याकडे वळले. पहारेकरी धावत आला, त्याच्यामागून सोफाल धावत आला, आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहून इंग्रजीत ओरडत होते, “चेंज! ओन्ली चेंज!”

हिराबाई मुळीच घाबरल्या नाहीत. मूठ तशीच धरून म्हणाल्या, “चोरी नाय करत मी. वीस टाकलेत, बाकीचं घेतंय. त्याला इचारा.” हे त्या विष्णूकडे बोट दाखवून.

सोफालने घाम पुसत चटईवरच्या म्हातारीला सगळं सांगितलं. कालचा बाजार, कुंकू, उपाशी दिवस, सगळंच सांगितलं असावं, कारण तो बराच वेळ बोलत होता. म्हातारीने तबकातली नोट उचलली. साहेबाचं कपाळ निरखलं. मग हिराबाईंच्या कपाळावरचं कुंकू निरखलं. दोन्ही एकच आहेत हे लक्षात आल्यावर ती जे हसायला लागली ते तिच्या तोंडातला एकुलता एक दात आम्हा सर्वांना दिसेपर्यंत हसली. पहारेकरीसुद्धा हसला आणि शिट्टी खिशात टाकून निघून गेला.

सोफाल म्हणाला, आमच्याकडेही असंच करतात, मोठी नोट देऊन सुट्टे घेतात आणि एकेका मूर्तीपुढे थोडं थोडं ठेवतात. फक्त स्वतःच्या हाताने उचलत नाहीत, मागून घेतात. हिराबाईंनी मुठीतले पैसे परत तबकात टाकले, तेव्हा म्हातारीने चटईखालून पिशवी काढली आणि वीस डॉलरचे पूर्ण रिएल मोजायला घेतले. एका डॉलरचे साधारण चार हजार. ऐंशी हजार झाले. एवढा गठ्ठा झाला की हिराबाईंचे डोळे मोठे झाले. पिशवी मात्र त्यात रिकामी झाली, त्यामुळे दुसरी नोट बदलण्याचा प्रश्नच उरला नाही. हिराबाईंनी चार हजार देवापुढे ठेवले आणि खाली वाकून दगडाला डोकं टेकवलं. त्या वाकल्या होत्या म्हणून म्हातारीने उरलेला गठ्ठा माझ्या हातात दिला.

हिराबाई उठल्यावर मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“राहू दे तुमच्याकडं. मना त्या शून्यांचा काय कलत नाय. तुमीच खर्च करा. पन माझ्या ऐंशी हजारातनं, बरं का.”

देवळाबाहेर झापाखाली आम्ही भात, भाजलेला मासा आणि माझ्यासाठी कोबीची भाजी घेतली. हिराबाईंनी गोळी घेतली आणि आमोकचे दोन द्रोण संपवले. पैसे मी दिले, त्यांच्या गठ्ठ्यातून. आम्ही एका टेबलावर बसून जेवत होतो. मला खूप आनंद झाला, आणि तो लपवायला मी कोबीला नावं ठेवत बसले.

त्या रात्रीचं जेवणही गठ्ठ्यातून झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऐंशी हजार संपले. ऐंशी हजार म्हणजे शेवटी वीस डॉलरच, आणि हिराबाईंना मासा आवडतो. शेवटची नोट दिल्यावर मी पर्स पटकन बंद केली. संध्याकाळी हॉटेलच्या भोजनगृहात मी त्यांची पाठ वळलेली बघून कार्ड काढलं. यंत्राने विचारलं, रुपये की डॉलर? या वेळी मी डॉलर दाबलं.

“माझ्याच पैशातलं ना?” पाठमोऱ्या हिराबाईंनी विचारलं.

“तुमच्याच. बरेच उरलेत अजून.”

“मंग ठीक हाय.” आणि त्यांनी आणखी एक भात मागवला.

पुढचे दोन दिवस असेच गेले. प्रत्येक जेवणाला तोच प्रश्न, तेच उत्तर. सकाळचा चहा ऐंशी हजारातला, तळ्याकाठचा उसाचा रस ऐंशी हजारातला, सायलीसाठी घेतलेला रेशमी रुमालही ऐंशी हजारातला. ज्या बाईने आयुष्यभर खोल्यांचं भाडं तोंडी मोजलं तिला चार हजाराचा डॉलर हा हिशेब येत नाही, असं मला पहिल्या दिवशी खरंच वाटलं होतं. नंतर वाटेनासं झालं. पण त्यांनी विचारायचं सोडलं नाही आणि मी उत्तर द्यायचं सोडलं नाही.

परत

आल्यावर आम्ही उरलेल्या नोटा घेऊन उल्हासनगरला गेलो. दादांनी फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला.

“साईं! मी घडी बोललो, पिन बोललो, पेन बोललो! कुंकू नाही बोललो!”

“आता कोनाला इकताना सांगा,” हिराबाई म्हणाल्या.

दादा म्हणाले, पुसून बघतो, थोडं कमी भावात घेतो. कमी भाव हा शब्द ऐकताच हिराबाईंनी फाइल परत ओढली. आता ते सगळे गोरे साहेब वांगणीच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ओळीने उभे आहेत आणि दर शुक्रवारी त्यांना ताजं कुंकू मिळतं.

गेल्या रविवारी हिराबाई बेलवलीला आल्या. हातात बाटली, काखेत डबा, नेहमीप्रमाणे. मी नेहमीप्रमाणे पोहे केले होते. त्या बसल्या, वास घेतला. सायली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी बशी त्यांच्यापुढे ठेवली.

हिराबाईंनी बशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“विहीनबाय, ते ऐंशी हजार संपलं का हो?”

“छे,” मी म्हटलं. “कुठे संपतायत!”

त्यांनी डबा न उघडताच खुर्चीखाली सरकवला आणि बशी जवळ ओढली. अर्धे पोहे खाऊन झाल्यावर मान वर केली.

“मंग हात आखडता का घेताय? घाला आजून थोडं. नि सायले, पानी आन.”